टायर पाहावे बदलून

टीका कशावर करावी, याचे आपल्याकडे काही संकेत ठरून गेलेले आहेत. नाटकावर करावी, कादंबरीवर करावी, शेजाऱ्यांच्या नव्या पडद्यांवर करावी आणि लग्नातल्या मठ्ठ्यावर तर हात धुता धुताच करावी. पण मोटारीच्या टायरवर कुणी परीक्षण लिहिल्याचं निदान माझ्या तरी वाचनात नाही. वास्तविक टायरइतका सतत लोकांसमोर फिरणारा विषय दुसरा नसेल. शिवाय टायर ही नुसती बघायची नव्हे, चांगली वाचायची वस्तू आहे. खाली वाकायची तयारी पाहिजे, एवढंच. परीक्षणाला लागणारं सगळं साहित्य त्याच्या अंगावर छापलेलं असतं. कर्ता असतो, शीर्षक असतं आणि प्रकाशनाची तारीखसुद्धा असते. टायरच्या बाजूवर एका लांबलचक क्रमांकाच्या शेवटी चार आकडे असतात. त्यातले पहिले दोन म्हणजे वर्षातला आठवडा आणि पुढचे दोन म्हणजे साल. '२३२४' असं दिसलं, की समजावं, ही आवृत्ती २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात निघाली. इतकी प्रामाणिक नोंद आपल्या प्रकाशकांनी पाळली असती, तर बरेच लेखक मानधनाच्या बाबतीत सुखी झाले असते.

ज्या टायरचं परीक्षण मी आज करणार आहे, तो मी डेन्व्हरला वाचला. डेन्व्हर हे अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, रॉकी पर्वताच्या पायथ्याशी आहे आणि तिथं माझा भाचा असतो. म्हणजे अक्काचा मुलगा. गेल्या वर्षी अक्काला सोबत म्हणून मी तीन आठवडे गेलो होतो. (रजा मंजूर होण्याची हकीकत स्वतंत्र लेखाची आहे.) भाच्याच्या दारात एक पिकअप ट्रक उभा होता. टोयोटाचा टॅकोमा, २०१९ चा.

आता पिकअप म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जे येतं, ते आधी पुसून टाका. आपला पिकअप म्हणजे लासलगावला कांदा नेणारा, परत येताना मांडवाचे बांबू आणणारा, आणि मधल्या वेळात दोन शेळ्या, एक शिलाई मशीन आणि सात पाहुणे यांना घेऊन खंडोबाला जाणारा कष्टाळू गृहस्थ. अमेरिकेतही तो मुळात शेतकऱ्याचा आणि सुताराचाच गडी. अजूनही कित्येक ठिकाणी तो इमानेइतबारे गवताच्या पेंढ्या आणि लाकडं वाहतो. पण शहराच्या कडेला राहणाऱ्या, संगणकावर पोट भरणाऱ्या मंडळींकडे जो असतो, तो बहुतेक वेळा एक माणूस आणि एक कॉफीचा पेला वाहतो. भाच्याच्या पिकअपच्या मागच्या हौद्यात मी तीन आठवड्यांत एकदाच सामान पाहिलं. ते म्हणजे इंडियन स्टोअरमधून आणलेलं तांदळाचं पोतं. तेही अक्कानं नंतर आत घेतलं, 'उघड्यावर नको' म्हणून.

तर अशा या ट्रकला भाच्यानं कारखान्यातून आलेले टायर काढून मोठे टायर बसवले होते. रानावनात, खडकांवर आणि चिखलात जाणारे. आडदांड खाचा, बाजूला उठावदार पांढरी अक्षरं आणि त्या अक्षरांशेजारी तीन शिखरांच्या चित्रात एक हिमाचं फूल. बर्फावरच्या पकडीच्या परीक्षेत पास झाल्याची ती खूण. हे नवं बाळ दाखवताना भाच्याच्या चेहऱ्यावर जे भाव होते, तसे मी त्याच्या दहावीच्या निकालाच्या वेळीही पाहिले नव्हते. (त्याला गुण फार चांगले होते, पण टायरची सर नाही.)

"मामा, कसा वाटतो?" त्यानं विचारलं.

माणसानं असं विचारलं की टीकाकार जन्माला येतो.

परीक्षणाची आमची पद्धत जुनी आहे. मूळ संहिता आणि नवी संहिता शेजारी शेजारी ठेवून वाचायच्या. मूळ संहिता कुठे असते, हे फार थोड्या मोटारवाल्यांना ठाऊक असतं. चालकाचं दार उघडलं की खांबावर एक बारीक अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली दिसते. टायरचं माप काय, पुढच्या चाकात हवा किती, मागच्या चाकात किती आणि गाडीनं एकूण वजन किती घ्यावं, एवढाच मजकूर. एक विशेषण नाही, एक उद्गारचिन्ह नाही. या चिठ्ठीवर माप होतं २६५/६५ आर १७. आणि बाहेर, पांढऱ्या अक्षरांच्या थाटात, नवी संहिता म्हणत होती २८५/७० आर १७.

या ओळीची भाषा जरा विचित्र आहे, म्हणून अन्वयार्थ सांगतो. पहिला आकडा म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, पण ती मिलिमीटरमध्ये नाही, रुंदीच्या टक्क्यांत. 'आर' म्हणजे रेडियल, टायरच्या पोटातल्या दोऱ्यांची ठेवण. आणि शेवटचा आकडा म्हणजे आतल्या लोखंडी चाकाचा व्यास, आणि तो इंचांत! एका ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच. आमच्या शाखेत एखाद्यानं असं व्हाउचर लिहिलं असतं, तर मॅनेजरनं त्याला केबिनमध्ये बोलावून चहासुद्धा न पाजता परत पाठवला असता.

पण हिशेब लावला की सगळं जुळतं. मी बी.कॉम. आहे. कागद आणि पेन्सिल मिळाली, की परदेशातही मला घरच्यासारखं वाटतं. जुन्या टायरचा व्यास निघाला ७७६ मिलिमीटर. नव्याचा ८३१. म्हणजे भाच्यानं सुमारे ५५ मिलिमीटर, दोन इंचांहून अंमळ जास्त, उंची विकत घेतली. वाढ सात टक्के. हल्ली मुदत ठेवीवर मिळतं त्याच्या जवळपासचं व्याज! मी मनात म्हटलं, सौदा वाईट नाही.

मग लक्षात आलं, की इथंही टीडीएस आहे. चाकाच्या मध्यातून आस जातो. टायर दोन इंचांनी वाढला, तर तो अर्धा आसाच्या खाली वाढतो आणि अर्धा आसाच्या वर. गाडीचं पोट जमिनीपासून वर उचलायला फक्त खालचा अर्धाच उपयोगी. म्हणजे ५५ मिलिमीटरचे पैसे मोजले आणि खात्यात जमा झाले साधारण २७. जेमतेम एक इंच! बाकीचे वर, मडगार्डच्या कमानीत जाऊन बसले, आणि तिथं त्यांना कुणी बोलावलेलं नव्हतं. आमच्याकडे ठेवीच्या व्याजातून दहा टक्के कापले तरी पेन्शनर मंडळी काउंटरवर येऊन आमचं गोत्र काढतात. इथं पन्नास टक्के कापले जातात आणि लोक हसत हसत सही करतात.

आता त्या वर गेलेल्या अर्ध्या वाट्याचं पुढे काय होतं, ते पाहा. हिशेबशास्त्राचा पहिला धडा असा, की एका बाजूला नावे टाकलं, की दुसऱ्या कुठल्या तरी खात्यात जमा दाखवावंच लागतं. एकेरी नोंद करून उठून जाता येत नाही. कारखान्यातून बाहेर पडणारी गाडी हा एक जुळवलेला ताळेबंद असतो. टायरचं माप, गिअरचे दाते, ब्रेकची ताकद, स्टिअरिंगचा वळसा, मीटरचा काटा, सगळी खाती शेवटच्या पैशापर्यंत टॅली केलेली. त्यातला एक आकडा तुम्ही तुमच्या हौसेनं खोडून मोठा केलात, की बाकीची सगळी खाती तुमच्या दारात येऊन उभी राहतात.

सर्वांत आधी येतं ते कमानीचं खातं. या ट्रकचं पुढचं चाक पूर्ण वळवलं, की त्याची मागची कड केबिनच्या एका लोखंडी कानाला लागते. केबिन चासीवर ज्या रबरी बैठकींवर टेकवलेली असते, त्यातल्या पुढच्या बैठकीला धरणारा हा कान. जुन्या टायरला तो लागत नसे. नवा टायर, विशेषतः स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी मागे घेताना, त्याला 'खर्रर्र' करून सलामी देतो. यावरचा तोडगा तिकडे इतका रूढ आहे, की त्याला स्वतंत्र नाव आहे. ग्राइंडर घ्यायचा, तो कान कापायचा, उघड्या पडलेल्या जागेवर पत्रा वेल्ड करायचा आणि रंग लावायचा. आतल्या प्लॅस्टिकलाही कात्री लावायची. जावई उंच निघाला म्हणून दाराची चौकट कापण्यातला हा प्रकार. बरं, जावई निदान दिवाळसण करून परत तरी जातो. हा घरजावई!

चौकट कापूनही भागत नाही, म्हणून गाडी स्प्रिंगांवर आणखी थोडी उचलायची. त्यानं चाकांची मांडणी बिघडते, म्हणून ती पुन्हा लावून घ्यायची. आणि ती लावताना चाक किंचित पुढे सरकवायचं, म्हणजे तो कान आणखी जरा लांब राहील. प्रत्येक दुरुस्ती पुढच्या दुरुस्तीचं आमंत्रण घेऊनच येते. एका लग्नाच्या मांडवात दुसरं ठरतं, तशी.

दुसरं खातं वेगाचं. मीटर वेग मोजत नाही. चाकाचे फेरे मोजतो आणि एका फेऱ्याला इतकं अंतर असं धरून गुणाकार करतो. फेरा सात टक्के मोठा झाला, हे त्या बापड्याला कुणी कळवलेलंच नाही. काटा ७५ मैल दाखवतो तेव्हा गाडी ८० नं धावत असते. तिकडच्या हायवेवर ७५ ची पाटी असेल, तर भाचा सदाचारी चेहऱ्यानं कायदा मोडत असतो, आणि पोलिसाला हा गुणाकार समजावून सांगणं हे आम्हा कॉमर्सवाल्यांनाही जड आहे. अंतराच्या मीटरचंही तेच. त्यावर एक लाख मैल झाले, तेव्हा गाडी एक लाख सात हजार चाललेली असते. म्हणजे सात हजार मैल बेहिशेबी! उद्या गाडी विकताना हे घेणाऱ्याला सांगायचं की नाही, हा प्रश्न आपापल्या संस्कारांचा. (मीटर दुरुस्त करून घेता येतो. त्याचे पैसे वेगळे.)

तिसरं खातं पेट्रोलचं. "अॅव्हरेज जरा पडलंय," असं भाचा म्हणाला. यात गंमत अशी, की त्यातला काही तोटा नुसता कागदोपत्री आहे. मैलच कमी मोजले जात असल्यामुळे गॅलनला मैल कमी दिसणारच. पण तो वजा केला तरी खरा तोटा उरतोच. मोठा टायर जड असतो, त्याच्या खाचा रस्त्याला ओरबाडतात आणि इंजिनाला तो फिरवायला जास्त जोर लागतो. या ट्रकच्या मागच्या आसातल्या दात्यांचं प्रमाण ३.९१ आहे. सात टक्के मोठं चाक लावलं, की ते ३.६५ असल्यासारखं वागायला लागतं. चढावर गिअर खाली पडतो, इंजिन ओरडतं आणि रॉकी पर्वतात चढाला काही तोटा नाही.

चौथं खातं ब्रेकचं, आणि इथं मी पेन्सिल खाली ठेवली. कारण इथून पुढे गंमत नाही. ब्रेक चाकाच्या मध्याजवळ पकडतो. ती पकड जमिनीपर्यंत पोचायला चाकाच्या त्रिज्येइतकं अंतर कापावं लागतं. त्रिज्या वाढली, की तेवढ्याच पायाच्या दाबाला जमिनीवर मिळणारी थांबवण्याची ताकद सुमारे साडेसहा टक्क्यांनी घटते. वर टायरचं वजन वाढलेलं. जड फिरणारी वस्तू थांबवायला अवघड, हे आटाचक्कीवाल्यालाही ठाऊक असतं. ब्रेकचा पगार तोच, काम मात्र वाढलेलं, आणि त्याची युनियन नाही. या ट्रकमध्ये पुढे भाचा आणि भाचेसून बसतात, मागच्या बाकावर चार वर्षांची नात आणि तिच्या शेजारी अक्का. पेट्रोलचा तोटा खिशातून भरून निघेल. हे खातं खिशातून भरायचं नाही.

आणखी फुटकळ खाती आहेत. पाचवा टायर, म्हणजे स्टेपनी. चारच मोठे घेतले आणि पाचवा जुनाच ठेवला, तर पंक्चरच्या दिवशी तीन चाकं एका मापाची आणि एक दुसऱ्या मापाचं. चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीत मग आतले दाते एकमेकांशी सासू-सुनेसारखे वागू लागतात. शिवाय हवेचा दिवा. अमेरिकेत सप्टेंबर २००७ पासून प्रत्येक नव्या हलक्या गाडीला हवा कमी झाल्याची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची आहे. नवी चाकं घेताना आतला सेन्सर घ्यायचा राहिला, की समोरच्या फळीवर पिवळा दिवा कायमचा लागून राहतो. तो दिवा म्हणजे घरातलं वडीलधारं माणूस. बोलत काही नाही, पण आपल्याकडे बघत राहतं.

इथं थोडा इतिहास. हवा भरलेला टायर चलनात आणला तो बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप यांनी, १८८८ साली. गृहस्थ जनावरांचे डॉक्टर. खडबडीत रस्त्यावर मुलाची तीनचाकी हादरू नये, म्हणून त्यांनी हा उद्योग केला. म्हणजे टायरचा जन्मच मुळी पोराला हादरे बसू नयेत यासाठी झाला. रानावनातले हे टायर बरेचदा दहा पदरी टायरच्या तोडीचे, कडक भिंतींचे असतात. खडकानं फाटू नयेत म्हणून. ते योग्यच आहे. पण मग शहरातल्या गुळगुळीत रस्त्यावरचा प्रत्येक सांधा पाठीच्या मणक्यांत मोजता येतो. डनलॉपसाहेबांनी लावलेला शोध सव्वाशे-दीडशे वर्षांत असा उलटा फिरून आला.

दुसरी गोष्ट अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या बॉब चँडलरची. त्यांच्याकडे १९७४ ची फोर्ड एफ-२५० पिकअप होती. तिला त्यांनी मोठे टायर लावले, तर आस मोडले. मजबूत आस घातले, तर त्याहून मोठे टायर लावावेसे वाटले. शेवटी लष्करी ट्रकांचे आस आणि ४८ इंची टायर अशी मजल गेली. गाडीचं नाव 'बिगफूट'. अॅक्सिलरेटरवर त्यांचा पाय जड पडायचा, म्हणून पडलेलं. १९८१ साली त्यांनी ती जुन्या मोटारींवरून चालवली, त्या चेपल्या, आणि पैसे देऊन हा चेपण्याचा कार्यक्रम बघायला माणसं जमू लागली. पुढे टायर ६६ इंचांवर गेले. १९८६ मध्ये त्याच नावाच्या एका गाडीला लष्कराच्या एका अजस्र मालवाहू गाडीचे १० फूट उंचीचे टायर बसले. वामनानं बळीराजाला 'मग तिसरं पाऊल कुठे ठेवू?' असं विचारलं होतं. इथं ते विचारायलाही कुणी उरलं नाही. पण चँडलर यांच्याबद्दल मला आदरच आहे. त्यांनी ताळेबंदातली सगळी खाती बदलली आणि त्या गाडीचा धंदा करून दाखवला. टायर मोठा करायचा तर असा. एक तर सगळं बदला, नाही तर चिठ्ठी वाचा.

टीकाकारानं गुणही सांगावेत, असा नियम आहे, आणि गुण खरोखरच आहेत. मागचा सलग आस जमिनीपासून वर उचलायचा, तर टायर मोठा करण्यावाचून उपाय नाही. नुसती स्प्रिंगवर गाडी उचलली, तर केबिन वर जाते, आस आहे तिथंच राहतो. मोठं चाक खड्ड्यात कमी उतरतं, दगडावर सहज चढतं. यूटा राज्यातल्या मोॲबला लाल खडकांचा मुलूख आहे. तिथं जीप-पिकअपवाले लांबून येतात आणि तिथं असा टायर म्हणजे चैन नव्हे, गरज आहे. भाचाही जातो. वर्षातून एकदा. डेन्व्हरहून मोॲब साडेतीनशे मैल. जाऊन-येऊन सातशे मैल उत्तम डांबर, आणि मध्ये दहा-बारा मैल खडक. बाकीचे अकरा महिने आणि तीन आठवडे हे टायर ऑफिसच्या वाहनतळात दोन पांढऱ्या रेषांच्या मधोमध उभे राहून खडकाची वाट बघतात.

आणि खरी गोम पुढेच आहे. त्या दहा-बारा मैलांसाठी पहिला उपाय मोठा टायर नाहीच. पहिला उपाय आहे हवा. चिठ्ठीवर तिशीच्या आसपास पौंड हवा सांगितलेली असते. खडकाळ वाट लागली, की ती अठरा-वीसपर्यंत उतरवायची. टायर बसका होतो, वाळूत उंटाचं पाऊल पसरतं तसा पसरतो, जमिनीला लांबलचक मिठी मारतो आणि पकड वाढते. परत पक्क्या रस्त्यावर येताना मात्र न विसरता पुन्हा भरायची, कारण कमी हवेचा टायर वेगात तापतो आणि फुटू शकतो. खर्च काय, तर हवा मोजायचं एक यंत्र आणि भरायचा एक छोटा पंप. कोकणात पुळणीवर मोटार रुतली, की गावातला एखादा जुना जीपवाला येतो, काही न बोलता चारही चाकांच्या टोप्या काढतो आणि फुस्स करून हवा सोडतो. पाच मिनिटांत मोटार बाहेर. हा इलाज फुकट आहे आणि त्यामुळेच त्याला प्रतिष्ठा नाही. सोडलेल्या हवेवर पांढरी अक्षरं काढता येत नाहीत.

अक्कानं मात्र एका वाक्यात परीक्षण केलं. तिचं वय सहासष्ट, गुडघे त्याहून वडील. टायरचा एक इंच आणि स्प्रिंगांचे दोन, अशी तीन इंच उंच झालेली गाडी तिच्यासाठी भाच्यानं दारापाशी आणली आणि खाली एक प्लॅस्टिकचा चौरंग ठेवला. अक्का चौरंगावर चढली, दांडी धरली, एकदा वर बघितलं आणि म्हणाली, "अरे, अंबारीत बसवताना हत्ती तरी खाली बसतो रे!" त्यानंतर देवळात जायचं असलं, की ती सुनेच्या छोट्या मोटारीतून जाऊ लागली. भाच्याला ते लागलं असावं. आईला मिरवून आणायचं म्हणून माणूस गाडी घेतो, आणि आई मागच्या मोटारीतून येते.

आपल्याकडे कुणाला हा लेख वाचून उमेद आली असेल, तर एक सूचना. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं, की नोंदणी पुस्तकातला तपशील आणि कारखान्याचा मूळ तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकानं गाडीत करू नये. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये त्यावर शिक्कामोर्तबही केलेलं आहे. तेव्हा टायर विकणारा 'काही होत नाही साहेब' म्हणाला, तर आधी कारखान्यानं आपल्या गाडीला कोणती मापं मान्य केली आहेत ते पाहावं, आणि मग त्याच्याकडून ते वाक्य लेखी मागावं. लेखी मागितलं की पुष्कळ गोष्टी आपोआप स्वस्त होतात.

आता निकाल. आमच्याकडे कर्जाच्या अर्जात एक रकाना असतो, 'कर्जाचे प्रयोजन'. माणूस तिथं 'शिलाई यंत्र' लिहितो आणि टी.व्ही. आणतो. टी.व्ही. आणण्यात काहीच गुन्हा नाही. गुन्हा रकान्यात आहे. निघायच्या आदल्या रात्री मी भाच्याला या टायरचं प्रयोजन विचारलं. तो खडक म्हणाला, बर्फ म्हणाला, सुरक्षितता म्हणाला. मी माझा कागद पुढे केला. त्यानं तो वर-खाली दोनदा वाचला आणि मग लहानपणी चिंचा चोरताना सापडल्यावर हसायचा तसा हसून म्हणाला, "मामा, खरं सांगू? दिसतो छान."

हे उत्तर मला मान्य आहे. दिसतो खरोखरच छान. माणसानं शोभेसाठी खर्च करू नये, असं मी म्हणणार नाही. आमच्या अख्ख्या गोल्ड लोन खात्याचा संसार त्याच्यावर चालतो. फक्त दागिना दागिन्यांच्या खात्यात लिहावा, यंत्रसामग्रीच्या नाही. दागिना म्हटला, की मग त्याचा भार कुणाच्या मानेवर पडतो, हे आपण आपोआप बघतो. मी त्याला तीन शर्ती घातल्या. पाचवा टायर त्याच मापाचा घ्यायचा, मीटर दुरुस्त करायचा आणि ब्रेक चांगल्या माणसाकडून तपासून घ्यायचे. पुढच्या गाडीशी अंतर आजच वाढवायचं, त्याला पैसे पडत नाहीत. आणि त्या दाराच्या खांबावरची चिठ्ठी निदान एकदा, मोठ्यानं, नातीला वाचून दाखवायची.

परवा त्याचा फोन आला होता. पहिल्या दोन शर्ती पूर्ण, तिसरीची वेळ घेतलेली. नातीला आकडे पाठ झालेत म्हणाला. आता ती रस्त्यातल्या प्रत्येक मोटारीपाशी खाली बसते आणि टायर वाचते. घराण्यात टीकाकार निपजायला हरकत नाही.